बावीस इंच

हरीण मारायला बायपॉड लागतो, हे आमच्या डनवेलमध्ये कुणी उघडपणे कबूल करत नाही. नळीखाली दोन पायांची ती घोडी लावलेली बंदूक दिसली, की तिचा मालक बाहेरगावचा, मासिकं वाचून शिकार शिकलेला, असं इथले लोक धरूनच चालतात. इथली माणसं कुंपणाच्या खांबावर, दगडावर, गुंडाळलेल्या कोटावर, नाहीतर सरळ आपल्या गुडघ्यावर बंदूक टेकवतात. म्हणून सप्टेंबरातल्या शेवटच्या शनिवारी गेलन हॉस्टाड हार्लनच्या हार्डवेअरच्या दुकानात शिरला आणि "बायपॉड दाखव, स्वस्तातला" म्हणाला, तेव्हा रंगाच्या डब्यांपाशी उभे असलेले दोघेजण बोलायचे थांबले.

गेलन सदुसष्ट वर्षांचा. चौतीस वर्षं त्यानं काउंटीचा ग्रेडर चालवला. मोंटानाच्या आमच्या या कोपऱ्यात डांबराचे रस्ते दोनच, बाकी सगळी खडी, आणि ती खडी सपाट करत हा माणूस म्हातारा झाला. निवृत्तीनंतर तो मशीनवरून खाली उतरला, पण कितीतरी आधीच त्याच्या हातांत मुरलेला मशीनचा थरकाप काही उतरला नाही. कॉफीचा कप धरला तरी बशी वाजायची. बंदुकीचं तर नावच नको. खांबावर टेकवा नाहीतर दगडावर, मागचे हात हलायचे ते हलायचेच.

त्यावर त्याच्या बायकोनं, लाव्हॉननं, तोड काढली होती. दर ऑक्टोबरात ती त्याच्या पुढ्यात गवतात बसायची, त्याच्याकडे पाठ करून, आणि तो तिच्या उजव्या खांद्यावर बंदूक टेकवायचा. कशामुळे कोण जाणे, पण तिच्या खांद्यावर त्याचे हात निवायचे. अठरा हंगाम, अठरा हरणं. "गेलनला बायपॉड कशाला? त्यानं लग्न केलंय ना," ही गावातली शिळी झालेली थट्टा. लाव्हॉन स्वतःच ती सगळ्यांत जास्त वेळा सांगायची.

या अठरा हंगामांत तिचा उजवा कान गेला. एकदम नाही, हळूहळू. डॉक्टरनं विचारलं तेव्हा ती म्हणाली, हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात वीस वर्षं काढली, त्या मशीनींनी गेला असेल. डॉक्टरनं तेच लिहून घेतलं. गेलन शेजारच्या खुर्चीत टोपी गुडघ्यावर ठेवून बसला होता. 

एप्रिलात ती रस्त्यापलीकडच्या पेटीतलं टपाल आणायला गेली. खडीचा ट्रक रिव्हर्समध्ये मागे येत होता. मागे येताना ट्रक पिक् पिक् वाजतो, तो चांगला खणखणीत वाजत होता, पण तिच्या उजव्या बाजूनं. शेरीफ म्हणाला, दोष कुणाचाच नाही. पाद्री म्हणाला, देवाची मर्जी. ड्रायव्हर स्मशानात येऊन गेलनच्या गळ्यात पडून रडला, आणि गेलननं त्याची पाठ थोपटली. तिला ऐकू का आलं नाही, हे त्या सगळ्या गर्दीत एकट्या गेलनला माहीत होतं.

तो रडला नाही. पुढेही नाही. शेजारणींनी आणून दिलेली मांस-बटाट्याची भांडी फ्रीझरमध्ये होती, तळाला चिकटपट्टीवर ज्याच्या त्याच्या नावासकट. तो रोज त्यातलं थोडं काढून तापवायचा आणि खायचा. काय खाल्लं असं विचारलं असतं तर त्याला सांगता आलं नसतं. रात्री झोप यायची, सकाळी जाग यायची. दुःख होतंय असं म्हणावं तर तेही होत नव्हतं. हातावर पडून राहिलं की हात जसा मेल्यासारखा होतो, तसा तो सगळाच्या सगळा झाला होता.

मग ट्रीनाचा फोन आला. ट्रीना त्याची एकुलती एक मुलगी, अडतीस वर्षांची, बिलिंग्जला असते. तिनं त्याला न विचारता त्याच्या नावानं हरणाच्या परवान्याचा अर्ज भरला होता आणि सोडतीत नाव लागलं होतं.

"मी येतेय ऑक्टोबरात. आपण जायचं," ती म्हणाली.

"माझे हात हलतात."

"माहितीये. मी बसेन आईच्या जागी."

नको म्हणावं, असंच गेलनला वाटत होतं. पण ट्रीना म्हणजे तिच्या आईपेक्षा सवाई. नको म्हटलं की ती का म्हणून विचारणार, आणि उत्तर मिळेपर्यंत फोन ठेवणार नाही. ते उत्तर त्याला द्यायचं नव्हतं. पोरीचा कानही वाचला पाहिजे आणि आपलं तोंडही बंद राहिलं पाहिजे, यातून त्याला एकच वाट दिसली. ती वाट हार्लनच्या दुकानात जात होती.

हार्लननं काउंटरवर तीन बायपॉड मांडले. हार्लन पीटरमन हा बोलघेवडा माणूस. खिळे घ्यायला गेलात तरी तो तुम्हाला हातोड्याचा इतिहास ऐकवतो.

"हा एकशे तीसचा," तो म्हणाला. "हा पंच्याण्णवचा. आणि हा बेचाळीसचा. याच्याबद्दल मी तुला काही सांगणार नाही, कारण तू माझा मित्र आहेस."

"बेचाळीसचा दे."

"अरे, ऐक तरी. तुझी बंदूक तुझ्या बापाची. तिला हे बेचाळीसचं लावणार? म्हणजे घोड्याला गाढवाचे पाय. हे बघ, याची स्प्रिंग उघडी आहे. गवताचं कुसळ अडकलं की पाय मिटत नाही. आणि हा स्क्रू, दोन गोळ्यांत ढिला होतो. पंच्याण्णववाल्याच्या पायाला खाचा आहेत, टक् टक् करून हव्या तेवढ्या उंचीवर बसतो, वर डोकंही डुलतं. जमीन वाकडी असली तरी बंदूक सरळ."

"मला एका हरणापुरता हवाय."

"एका हरणापुरता तर मी माझाच देतो. फुकट. वापर आणि आणून दे."

"फुकट नको."

रंगाच्या डब्यांपाशी उभ्या असलेल्यांपैकी एकाला राहवलं नाही. "गेलन, काय रे हे? कुबड्या आताच घेतोयस होय? आम्हाला वाटलं आधी काठी घेशील," तो म्हणाला, आणि म्हणता म्हणता त्याला लाव्हॉन आठवली असावी. तो एकदम रंगाच्या डब्यावरचं वाचायला लागला.

हार्लननं घसा खाकरला. "बरं, मारतोस कसा? झोपून मारणार असशील तर आखूड पायांचा बास झाला. नऊ इंच."

"बसून."

"मग लांब पायांचा. किती उंच लागेल?"

गेलननं विचार केला. मग तो टोपी काउंटरवर ठेवून, कुत्र्यांच्या खाण्याच्या पोत्यांमधल्या जागेत खाली जमिनीवर बसला. गुडघे करकरले. त्यानं पाय पुढे पसरले, डोळे मिटले आणि डावा हात पुढे केला, तळवा खाली. हात थोडा वर गेला, थोडा खाली आला आणि एका जागी थांबला.

"इथं," तो म्हणाला.

हार्लन टेप घेऊन खाली वाकला. फरशीपासून तळव्यापर्यंत मोजलं. बावीस इंच. आणि गंमत अशी, की तो हात तेवढा वेळ अजिबात हलत नव्हता. हार्लनच्या ते लक्षात आलं. ही कशाची उंची मोजतोय आपण, हेही लक्षात आलं. त्यानं सावकाश टेप गुंडाळला.

"बावीस म्हणजे," तो शेवटी म्हणाला, "बावीसला तर या सगळ्यांचेच पाय शेवटच्या खाचेवर जातात. शेवटच्या खाचेवर कुठलीही घोडी डगमगते, एकशे तीसची असली तरी. सतरावर लाव आणि तू थोडा वाक. सगळे तसंच करतात."

"बावीस."

"गेलन, बायपॉडला माणसानं जुळवून घ्यायचं असतं."

"बावीस इंच," गेलन म्हणाला, आणि पंच्याण्णववाला उचलून त्यानं पैसे काढले. हार्लननं त्यावर तो बंदुकीला बसवायचा एक नवा स्क्रू फुकट टाकला. तो गेलननं घेतला. बावीस इंचांचा हट्ट हार्लनला काही पटला नव्हता, पण आमच्याकडे माणसाला एका मर्यादेपलीकडे शहाणपण शिकवत नाहीत, विशेषतः ज्याच्या घरातून त्या वर्षी शवपेटी गेली आहे त्याला.

दोन आठवडे गेलननं घरामागे सराव केला. काँक्रीटच्या ओट्यावर बसायचं, पाय उघडायचे, शेवटची खाच, खाली पत्र्याच्या डब्यावर नेम. काँक्रीटवर घोडी बरी उभी राहायची. बंदुकीच्या दुर्बिणीतली फुली डब्याभोवती जरा फिरायची आणि मग थांबायची. डबा पडला की तो जाऊन उभा करायचा. डबा पडल्याचं त्याला बरंही वाटायचं नाही आणि वाईटही वाटायचं नाही. पोरीचा कान वाचतोय, एवढं तो स्वतःला सांगायचा, तेही यादी वाचल्यासारखं.

ट्रीना शुक्रवारी आली. बापाला मिठी मारून तिनं आधी फ्रीझर उघडला, आतली भांडी बघितली आणि तो बंद केला. मग तिला स्वयंपाकघरातल्या टेबलावरची बंदूक दिसली.

"हे काय?"

"बायपॉड."

"ते दिसतंय मला. तू आणि बायपॉड? आई असती तर हसून हसून मेली असती." ती थबकली. "कशाला घेतलास? मी बसणार होते ना."

"तुला कशाला त्रास."

"त्रास? चार तास गाडी मारत आले ते नुसती तुझ्या मागे मागे फिरायला?"

"पंच्याण्णव डॉलर मोजलेत," गेलन म्हणाला. "वापरायला नको का?"

या उत्तरापुढे डनवेलमध्ये वाद चालत नाही. ट्रीनानं खांदे उडवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला त्यांना कळप दिसला. कोरड्या ओढ्यापलीकडच्या उतारावर अकरा हरणं, त्यात एक मोठा नर. वारा तोंडावर होता, म्हणजे हवा तसा. दोघं सेजच्या झुडपांतून वाकून, शेवटी गुडघ्यांवर रांगत दोनशे पावलांवर आली. ट्रीना लहानपणी इथंच रांगायला शिकली होती म्हटलं तरी चालेल. बापापेक्षा तीच कमी आवाज करत होती.

गेलन बसला. पाय उघडले, शेवटच्या खाचेपर्यंत ओढले. उजवा पाय नीट टेकला. डावा एका मऊ जागी टेकला, उंदरांनी पोखरलेल्या, आणि हळूहळू आत जायला लागला. त्यानं तो उपसून दुसरीकडे टेकवला. तिथं सेजचं मूळ. फुली नराच्या खांद्यावरून निघून आभाळात गेली, तिथून मागच्या मादीच्या पोटावर आली. काँक्रीटचा ओटा इथं कुठून आणायचा? पाच इंच खाली घेतलं असतं आणि पाठ वाकवली असती तर जमलं असतं. त्याला ते कळत होतं. पण त्याचे हात खाचेकडे गेले नाहीत.

"हलतंय," ट्रीना पुटपुटली.

"बसेल."

"नाही बसत. नुसतं पोहतंय ते." आणि तो काही म्हणायच्या आत ती सरपटत पुढे आली, त्याच्याकडे पाठ करून त्याच्या पुढ्यात बसली. बायपॉड तिनं पायानं बाजूला केला. मग आपला उजवा खांदा थोपटला. "ठेव."

"बाजूला हो."

"डॅड, हट्ट करू नकोस. आईच्या खांद्यावर अठरा मारलीस. माझ्या खांद्याला काय काटे आलेत?"

"ट्रीना, ऊठ तिथून."

त्याचा आवाज वर गेला नव्हता, पण कळपातल्या दोन माद्यांनी माना वर केल्या. ट्रीनानं वळून त्याच्याकडे बघितलं.

"का?"

झालं. तोच प्रश्न. पंच्याण्णव डॉलर घालवूनही तो टळला नाही.

"तुझ्या आईचा कान धुलाईखान्यात नाही गेला," गेलन म्हणाला. तो हवापाण्याबद्दल बोलावं तसं बोलत होता. "या बंदुकीनं गेला. मी घालवला. ट्रक उजव्या बाजूनं आला. तिला ऐकू आलं नाही."

वारा सेजमधून वाहत राहिला. ट्रीनानं हातमोजे काढले, पुन्हा घातले.

"माहितीये मला," ती म्हणाली. "कानाचं. आईनंच सांगितलं होतं. मी एका नाताळात तिला कानात घालायच्या बोळ्यांची अख्खी बरणी दिली. म्हणाली, डाव्या कानात घालते, उजव्यात नाही. उजव्यात घातला की तुझ्या डॅडचा श्वास ऐकू येत नाही. तू श्वास रोखलास की ती आपला रोखायची. नाहीतर म्हणे खांदा हलेल, तुझा नेम चुकेल, आणि मग तू चार दिवस तोंड फुगवून बसशील."

ती किंचित हसली, पण ते हसू टिकलं नाही. गेलन हसला नाही.

"मी दर वेळी विचारायचो," तो म्हणाला. "बोळा घातलास का? ती म्हणायची, घातला."

"हो. तशीच होती ती."

"नाही. तू ऐक." गेलननं बंदूक मांडीवर आडवी घेतली. "मी विचारायचो, ती घातला म्हणायची, आणि मी कधी बघितलं नाही. कान माझ्या डोळ्यांसमोर असायचा. वीतभर अंतरावर. जरा मान पुढे केली असती तर दिसलं असतं. तिला ऐकू येईनासं झालं, ती माणसांकडे डावी बाजू करून बोलायला लागली, तरी मी पुढच्या ऑक्टोबरात पुन्हा विचारलं आणि पुन्हा बघितलं नाही. कारण बघितलं असतं तर थांबावं लागलं असतं. आणि हरीण समोर उभं असायचं."

 ट्रीनानं मुठीत गवत धरलं होतं आणि ती ते मुळासकट उपटत होती. तिला राग आला होता, आणि तो यावा असाच होता. पलीकडे नर कळपाला हाकत थोडा वर गेला, पुन्हा थांबला. या जनावरांना पळायचंही असतं आणि वळून बघायचंही असतं.

"मग आता बघ," ती म्हणाली.

तिनं जाकिटाच्या खिशातून नारिंगी फोमचे दोन बोळे काढले. चिमटीत वळून बारीक केले. टोपी मागे सारली, केस वर धरले, एक डाव्या कानात घातला, एक उजव्या, आणि फुगेपर्यंत बोटांनी दाबून धरले. मग तिनं मान आधी एका बाजूला वळवली, मग दुसऱ्या, तपासणीला बसल्यासारखी.

"नीट बघ," ती म्हणाली. स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळे ती जरा मोठ्यानं बोलली. "दोन्ही आहेत? मग मार."

आणि तिनं पाठ ताठ केली.

गेलननं मान पुढे केली. बोळा होता. नारिंगी, नीट आत बसलेला. भोवती कानाची ती पाळी, थंडीनं लाल झालेली, वरच्या बाजूला जराशी दुमडलेली. लाव्हॉनचा कान अगदी असाच दुमडलेला होता. लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली होती, आणि तिचा कान कसा होता हे त्याला आता, पोरीचा बघून, कळत होतं.

त्यानं बोल्ट मागे ओढला, गोळी काढून खिशात टाकली आणि बंदूक गवतात ठेवली. हात थरथरायला लागले, नेहमीसारखे, मग नेहमीपेक्षा जास्त. मग खांदे. काय होतंय हे त्याला आधी कळलंच नाही. मेलेल्या हाताला रक्त परत यायला लागलं की आधी मुंग्या येतात आणि मग जे दुखतं, ते दुखणं सगळ्या अंगात एकदम आलं. तोंडातून आवाज निघाला. त्यानं तोंडावर टोपी दाबली तरी तो निघतच राहिला, एप्रिलपासूनचा सगळा, एखाद्या जनावराच्या घशातून यावा तसा.

कळप उधळला. अकराच्या अकरा हरणं उतारावरून वर गेली आणि टेकाडापलीकडे दिसेनाशी झाली.

ट्रीनाला ती जाताना दिसली, आणि बापानं अजून गोळी का झाडली नाही हे तिला कळेना. कानांत बोळे होते, वारा होता. मागचं काही तिला ऐकू येत नव्हतं. एखादा मागे राहिलेला नर त्याला दिसत असेल, असं समजून ती खांदा जराही न हलवता श्वास रोखून बसून राहिली.